‘पुन्हा एकदा गाडी आणून दाखवा’ म्हणाले तरी नेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या स्लाउ गावात राहणाऱ्या आणि हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या एका वाचकांनी १४ फेब्रुवारीला जवळच्याच डीलरकडून नऊ वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी ७,४५० पौंडांना घेतली. ५ मार्चला गिअर बदलताना धक्के बसू लागले. त्यांनी फोन केला, डीलरने गाडी ठेवून घेतली आणि १२ मार्चला परत दिली. मेच्या मध्यात तेच धक्के पुन्हा सुरू झाले, शिवाय डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. आता डीलर म्हणतो, बिलावर ‘सोल्ड अ‍ॅज सीन’ (पाहिली तशी विकली) लिहिलंय, तीन महिन्यांची वॉरंटीही संपली. तरी गाडी पुन्हा आणा, निम्म्या खर्चात करून देऊ. २ जुलैच्या पत्रात वाचक विचारतात, ‘मॅडम, गाडी परत करता येईल का, की निम्मा खर्च सोसून विषय मिटवू?’

‘सोल्ड अ‍ॅज सीन’वर मी फार शब्द खर्च करत नाही. व्यापाऱ्याने ग्राहकाला माल विकला, की २०१५च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टने दिलेले हक्क बिलावरच्या एका ओळीने पुसता येत नाहीत. कलम ३१ तेवढ्यासाठीच आहे. वॉरंटी ही त्या हक्कांच्या वरची गोष्ट; ती संपली म्हणून खालचे हक्क संपत नाहीत. मात्र हे सगळं विकणारा व्यापारी असेल तरच. ऑनलाइन जाहिरात पाहून एखाद्या खासगी माणसाकडून गाडी घेतली असेल, तर पुढचं वाचून स्वतःची समजूत करून घेऊ नका.

तुमचं प्रकरण ठरणार आहे ते एका टेक्स्ट मेसेजवर. पत्राला जोडलेल्या अकरा फोटोंमधला तो नववा. बिलाचे, दिव्याचे, टायरचेसुद्धा फोटो तुम्ही आधी लावलेत आणि हा मेसेज ‘असाच पाठवतोय’ म्हणून मागे टाकलात. १२ मार्च, दुपारी ४ वाजून ४० मिनिटं. डीलरच्या नंबरवरून आलेला मजकूर असा, की गिअरबॉक्सचं काम झालंय, गाडी न्यायला या. सगळ्या कागदांत माझ्या दृष्टीने एवढाच कागद सोन्याचा आहे.

का, ते सांगते. माल सदोष निघाला, तर पहिल्या ३० दिवसांत तो थेट परत करून पूर्ण पैसे मागता येतात. तो हक्क तुमच्याकडे होता. ५ मार्चला, एकोणिसाव्या दिवशी, तो वापरता आला असता. तुम्ही दुरुस्तीला हो म्हणालात, त्यामुळे दुरुस्तीचे दिवस ३०मधून वगळले गेले, पण तेवढे धरूनही मार्चच्या चौथ्या आठवड्यात ती मुदत संपली. तो दरवाजा बंद झाला. दुसरा उघडला तो त्याच कायद्याच्या कलम २४ने. डीलरला दुरुस्तीची एक संधी मिळाली आणि त्यानंतरही माल करारात बसत नसेल, तर ग्राहकाला माल परत करण्याचा अखेरचा हक्क, म्हणजे ‘फायनल राइट टु रिजेक्ट’, मिळतो. संधी एकच. दुसरी, तिसरी संधी देण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

म्हणून १२ मार्चला जे झालं त्याला ‘दुरुस्ती’ म्हणायचं की नाही, यावर सगळं उभं आहे. आता डीलर म्हणेल, ‘आम्ही फक्त तपासली, काही केलंच नाही.’ हे मी बरेचदा ऐकलंय. जॉबशीट, म्हणजे केलेल्या कामाचा कागद, मागितलं नाहीत, बिल घेतलं नाहीत, तक्रारीचा ईमेलही केला नाहीत. ‘माणूस चांगला होता, फोनवर बोलणं झालं होतं’ हे तुमचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. ७,४५० पौंडांच्या व्यवहारात दोन ओळींचा ईमेल तुम्हाला जड का वाटावा? असं पत्र दर थोड्या दिवसांनी येतं आणि प्रत्येकात हा चांगला माणूस असतो. तुमच्या नशिबाने या चांगल्या माणसाने स्वतःच्या हाताने मेसेज केला. तो आजच दुसरीकडे जपून ठेवा, फोनवर एकट्यावर भरवसा नको.

आता तारीख. गाडी ताब्यात आल्या दिवसापासून सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळातच होता असं कायदा धरून चालतो. नव्हता हे सिद्ध करण्याचं ओझं डीलरवर पडतं. तुमचे सहा महिने १३ ऑगस्टला पुरे होतात. गाडी आता ‘पुन्हा एकदा’ नेलीत, तर ती तिथे तीन आठवडे पडून राहील, परत येईल, पंधरा दिवस बरी चालेल आणि तोवर ऑगस्ट सरेल. त्यानंतर दिसलेला दोष मुळातला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. शिवाय निम्मा खर्च दिलात, की दोष आपला नव्हताच असं म्हणायला त्यांना जागा मिळेल. गाडी नेऊ नका.

त्याऐवजी या आठवड्यात डीलरला लेखी कळवा, ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालानेही. दोन्ही वेळचा दोष तारखांसकट लिहा, १२ मार्चचा मेसेज जोडा आणि ‘फायनल राइट टु रिजेक्ट’ हे चार शब्द जसेच्या तसे घाला. ‘मी फार नाराज आहे, काहीतरी करा’ असलं लिहू नका. तुम्ही गाडी नाकारताय हे वाचणाऱ्याला स्वच्छ कळलं पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे. पैसे परत देण्याचं डीलरने मान्य केलं, की १४ दिवसांत ते द्यावे लागतात.

किती मिळतील, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. इतर मालाच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांत वापरापोटी कपात करता येत नाही, पण मोटारगाडीला हा नियम लागू नाही. तुम्ही जेवढे मैल चालवलीत त्याचा वाजवी आकडा ते कापू शकतात. म्हणून आजच ओडोमीटरचा फोटो काढा आणि पत्र गेल्यावर गाडी उभी ठेवा. रात्रपाळीच्या माणसाला हे किती अवघड आहे ते मला कळतं, तरी पत्रानंतरचा प्रत्येक मैल तुमच्या विरोधात बोलतो. गाडी रस्त्यावर उभी असेल तर विमा आणि टॅक्स चालू ठेवा.

नऊ वर्षांच्या गाडीची झीज किती आणि दोष किती, हा वादही निघेल. वय, किंमत, मैल हे सगळं पाहिलं जातं. कायदा सध्या तुमच्या बाजूने झुकलेला असला, तरी स्वतंत्र इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्याच.

मुदतीवरून मी एवढी चिडते त्याला कारण आहे. जुन्या कायद्यात ३० दिवसांची रेघ नव्हती, ‘वाजवी वेळ’ एवढंच होतं. १९८७च्या बर्नस्टीन विरुद्ध पॅम्सन मोटर्स खटल्यात ग्राहकाने नवीकोरी निसान तीन आठवडे ठेवली होती, जेमतेम १४० मैल चालवली होती आणि इंजिन जाम झालं. नुकसानभरपाई मिळाली, पण गाडी परत करण्याचा हक्क गेला असं कोर्टाने ठरवलं. त्या माणसाला मोजायला दिवस नव्हते. तुम्हाला कायद्याने मोजून दिलेत आणि तुम्ही ते फोनवर घालवलेत.

पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय, की २५० पौंड डिपॉझिट क्रेडिट कार्डावर भरलं, बाकी बँकेतून. हे पहिल्या ओळीत हवं होतं. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५प्रमाणे वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर कार्ड कंपनी डीलरइतकीच जबाबदार असते, आणि तीही भरलेल्या २५०पुरती नाही, पूर्ण व्यवहारासाठी. पैसे मधल्या एखाद्या पेमेंट कंपनीमार्फत गेले असतील तर अडचण येऊ शकते. कार्डाचं स्टेटमेंट पाहिल्याशिवाय मी खात्री देत नाही. डीलरला पत्र जाईल त्याच दिवशी कार्ड कंपनीकडेही दावा करा. आठ आठवड्यांत त्यांचं अंतिम उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँका-कार्ड कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, फुकट जाता येतं.

‘इथल्या ग्राहक मंचात तक्रार करू का’ असंही तुम्ही विचारलंय. इंग्लंडमध्ये आपल्याकडच्यासारखं वेगळं ग्राहक न्यायालय नाही. काउंटी कोर्टात जायचं, आणि १०,००० पौंडांपर्यंतचा दावा तिथल्या स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या पद्धतीने, चालतो. आधी डीलरला दाव्याची लेखी सूचना देऊन १४ दिवस थांबायचं. दावा दाखल झाला, की २०२४च्या मेपासून फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. तिथे मिटलं नाही तर सुनावणी. त्या सुनावणीला सहज वर्ष जातं. इतक्या साध्या कागदांच्या प्रकरणाला एक वर्ष लागावं, हे मला इतक्या वर्षांनीही पटलेलं नाही. तिथे जिंकलात तरी वकिलाची फी सहसा समोरच्याकडून मिळत नाही, म्हणून वकील लावू नका, मलाही नाही. कार्डाचा रस्ता आधी संपवा.

गाडी परत द्यायची वेळ आली, तर दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक आणि ओडोमीटरचा आकडा लिहून त्यावर त्यांची सही घ्या. सही देत नसतील, तर तिथेच उभं राहून त्यांना ईमेल करा आणि मगच चाव्या हातातून सोडा.