फेरफार, कालबाह्य आणि ‘बंद होऊन राहिलं’

प्रश्न असा आला आहे: “मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी राहतो. टर्मिनलवर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावर, चौकटी, याद्या, तक्ते उभे करणाऱ्या एका लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) मराठी पुस्तिका सांभाळतो. कोणत्या आवृत्तीत काय बदललं ते सांगणाऱ्या पानाला, म्हणजे चेंजलॉगला, मी ‘फेरफार’ असं नाव दिलं. पुण्याच्या सहकाऱ्यानं ते परत पाठवलं. म्हणतो, फेरफार म्हणजे कागदात केलेली लबाडी. तसंच ‘डेप्रिकेटेड’ला, म्हणजे अजून चालणाऱ्या पण पुढं काढल्या जाणाऱ्या गोष्टीला, आम्ही सगळीकडे ‘कालबाह्य’ लिहिलंय. ते चालेल का?”

भाऊ, फेरफारच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि तुमच्या सहकाऱ्याचंही चूक नाही. कालबाह्य मात्र काढाच.

मी आर्वीकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, हेच दिवसभराचं काम. माझ्या खुर्चीसमोर ‘फेरफार’ हा शब्द दिवसातून वीसदा उच्चारला जातो आणि त्यात लबाडीचा वासही नसतो. “फेरफार झाला का?” हे माणूस आशेनं विचारतो. बाप गेला, वारसांची नावं चढायची आहेत; शेत घेतलं, दस्त झाला, पण सातबारावर अजून जुनंच नाव आहे. फेरफार झाला की जीव भांड्यात पडतो.

तुमच्या सहकाऱ्याच्या कानावर हा शब्द वर्तमानपत्रातून पडतो. तिथं गुणपत्रिकेत फेरफार होतो, वीजमीटरमध्ये फेरफार होतो आणि पुढच्या ओळीत गुन्हा दाखल होतो. शब्द एकच, संगत वेगळी.

मुळात हा शब्द निरुपद्रवी आहे. फिरणे, फेरा, फेरी, फेरविचार, फेरतपासणी या घरातला. ‘फार’ला इथं स्वतःचा अर्थ नाही, तो जोडीचा आवाज आहे: ठीकचं ठीकठाक होतं, चूपचं चूपचाप, तसं फेरचं फेरफार. स्वर ‘आ’कडे वळवून जोड बांधायची ही आपली जुनी सवय. गुजरातीत फेरफार म्हणजे आजही साधा बदल. मराठीत त्याला जो डाग लागला तो मला वाटतं शेजारच्या ‘हेराफेरी’च्या संगतीनं आणखी गडद झाला असावा.

पण गंमत याच्या पुढं आहे. डाग शब्दाला नाही, वाक्याच्या बांधणीला आहे. ‘कशात तरी फेरफार करणे’ असं म्हटलं की संशय आलाच. कागदात फेरफार केला, हिशेबात फेरफार केला. तेच ‘फेरफार होणे’, ‘फेरफार घेणे’, ‘फेरफार नोंदवणे’, ‘फेरफार क्रमांक’ म्हणा, संशय गेला. आमच्या गावचा अडाणी म्हाताराही हा फरक चुकत नाही. “पटवाऱ्यानं फेरफार घेतला” म्हणजे काम झालं. “पटवाऱ्यानं कागदात फेरफार केला” म्हणजे भांडण. (हुद्द्याचं नाव आधी तलाठी, 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी असलं तरी आमच्याकडं अजून पटवारीच म्हणतात, हा जुन्या मध्य प्रांताचा वारसा.)

तेव्हा पानाचं नाव नुसतं ‘फेरफार’ न ठेवता ‘फेरफार नोंदी’ ठेवा. ‘नोंदी’ हा एक शब्द पुण्याच्या माणसाचाही संशय घालवेल. आणि आतल्या मजकुरात ‘या फंक्शनमध्ये फेरफार केला’ असं चुकूनही लिहू नका. तिथं साधं ‘बदल केला’.

मी या शब्दाचा हट्ट धरतो याचं कारण नुसता गावाचा अभिमान नाही. ‘बदल’ म्हटलं की काय झालं एवढंच कळतं. फेरफार म्हटलं की त्यामागची रीतही डोळ्यांपुढं येते. जमिनीचा व्यवहार झाला की गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्याला क्रमांक पडतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 150. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारावर नवं नाव चढतं, शेजारी फेरफाराचा क्रमांक. जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात. आताच्या संगणकीय सातबारावर आडवी रेघही मारलेली दिसते. तीस वर्षांनी कोणी विचारलं की हे शेत यांच्याकडं आलं कसं, तर क्रमांक धरून मागं जाता येतं.

तुमच्याकडं काय वेगळं होतं? कोणी बदल सुचवतो, त्याला क्रमांक पडतो, बाकीचे हरकती घेतात, अधिकार असलेला माणूस तो मान्य करतो, आणि पुस्तिकेत जुन्या नावावर रेघ येते. तुमच्या वापरणाऱ्याला हा शब्द शिकवावा लागणार नाही, तो त्याच्या घरच्या पेटीत आहे. त्या पानावरचे उपमथळेही याच बोलीतून घ्या: नवीन गोष्ट ‘चढवली’, काढलेली ‘कमी केली’. “नाव कमी केलं” हे तर आमच्या केंद्रात रोजचं वाक्य.

आता ‘डेप्रिकेटेड’. हा शब्द इंग्रजीतही सरळ नाही. लॅटिनमध्ये मूळ अर्थ प्रार्थना करून टाळणे, अरिष्ट टळो म्हणून हात जोडणे. तिथून नापसंती दाखवणे, आणि संगणकवाल्यांकडं येईपर्यंत ‘अजून चालतं, पण नव्यानं वापरू नका, पुढं काढणार आहोत’ इतकं लांबलचक ओझं त्या एका शब्दावर पडलं. मूळ अर्थ धरून ‘नापसंत’ म्हणावं असं काहींना वाटेल, पण नापसंत तर मला माझ्या गावातला रस्ताही आहे. तो चालू आहे आणि बंद होण्याचं नावही कोणी काढत नाही.

‘कालबाह्य’त खोट कुठं आहे? ‘बाह्य’ म्हणजे बाहेर गेलेलं. काम संपलं, वेळ निघून गेली. औषधाच्या बाटलीवरची तारीख उलटली की ते कालबाह्य, मग ते फेकायचंच. डेप्रिकेटेड फंक्शन फेकलेलं नसतं, ते आज चालतं. तुमच्याच क्षेत्रातला दाखला घ्या. रस्ट भाषेतली रॅटटुई ही लायब्ररी 2023 साली जुन्या टुई-आरएसमधून फुटून निघाली. तिच्या 0.21 आवृत्तीत ‘स्पॅन्स’ या प्रकाराऐवजी ‘लाइन’ वापरा अशी सूचना आली आणि स्पॅन्स डेप्रिकेटेड झालं. पण ते लगेच काढलं नाही, काढलं 0.24 मध्ये. मधल्या काळात ज्यांनी जुनं नाव वापरलं त्यांना कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) इशारा द्यायचा, पण प्रोग्राम चालायचा. या मधल्या काळाला कालबाह्य म्हटलं तर वाचणारा घाबरून रात्रीतून सगळा कोड बदलायला बसेल. आणि 0.24 मध्ये खरंच काढल्यावर काय म्हणायचं? शब्द तर आधीच खर्च झालेला.

इंग्रजी शब्द भूतकाळी आहे, घटना मात्र पुढची. इंग्रजीला त्यासाठी आडवळणानं जावं लागतं, आपल्याला नाही. आपल्याकडं ‘-णार’ आहे. येणार, जाणार, पडणार. ‘बंद होणार’ म्हटलं की दोन्ही गोष्टी आल्या: आज चालू आहे, आणि पुढं नाही. एसटीची एखादी फेरी बंद होणार असेल तर आपण तिला कालबाह्य फेरी म्हणत नाही. आज त्याच फेरीनं जातो आणि उद्याची सोय बघतो. वापरणाऱ्यानं नेमकं तेच करायचं आहे. तेव्हा खुणा तीनच ठेवा: ‘चालू’, ‘बंद होणार’, ‘बंद’. ‘बंद होणार’च्या पुढं कोणत्या आवृत्तीत आणि त्याऐवजी काय, हे दोन शब्द हवेतच, नाहीतर ती नुसती धमकी.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. टर्मिनलच्या जगातलं जुनं घराणं म्हणजे कर्सेस ही लायब्ररी. तिच्या एक्स/ओपन मानकात, म्हणजे सगळ्यांनी पाळायच्या लेखी नियमांत, टर्मकॅप या टर्मिनलांच्या जुन्या माहिती-यादीच्या काळातल्या फंक्शनांवर ‘डेप्रिकेटेड’ असा शिक्का नाही. ‘मागे घेतली जाणार’ अशाच अर्थाचे सरळ इंग्रजी शब्द आहेत. म्हणजे त्यांनाही जिथं नेमकं बोलायचं होतं तिथं ‘-णार’च लागला. ती फंक्शनं एनकर्सेसमध्ये, म्हणजे कर्सेसच्या आजच्या रूपात, अजून सापडतात, ही गोष्ट वेगळी. ‘होणार’ला मुदत नसली की असं होतं, हे वऱ्हाडात सिंचनाच्या कालव्याकडं पाहणाऱ्याला सांगायला नको.

खरं सांगायचं तर आपल्या बोलीत याहून नेमकं रूप आहे. ‘बंद होऊन राहिलं’. ज्या ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ला पुण्या-मुंबईकडं हसतात, ते रूप चालू असलेल्या क्रियेचं आहे. फंक्शन बंद झालेलं नाही, कधीतरी होणार असंही नाही. इशारा निघाला, पर्याय आला, म्हणजे ते बंद होऊन राहिलं आहे. डेप्रिकेटेडचं इतकं चपखल भाषांतर मला प्रमाण मराठीत सापडलेलं नाही. पुस्तिकेत ते घाला असं म्हणणार नाही, कोल्हापूरचा वाचक अडखळेल. पण तुमच्या गटात आपसात बोलताना खुशाल वापरा.

सातबारातला ‘कंस’ इथं आणायचा मोह मलाही झाला होता. नको. एक तर कंस केलेलं नाव हे कमी झालेलं असतं, होणारं नव्हे. दुसरं, कोडमध्ये जिकडंतिकडं खरे कंस असतात. ‘हे फंक्शन कंसात गेलं’ वाचून नवशिक्या कुठला कंस ते शोधत बसेल.

एक अडचण मात्र भाषेची नाही, यंत्राची आहे. या खुणा तुम्ही टर्मिनलवरच्या मदत-पानात चौकटीच्या आत दाखवणार असाल तर सांभाळा. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकडीची वही, एका अक्षराला एक घर. ‘बंद होणार’मधल्या अनुस्वाराला घर लागत नाही, पण ओकार आणि काना यांना घर द्यायचं की नाही यावर टर्मिनलांचं एकमत नाही. एका हिशेबानं हे दोन शब्द 8 घरं घेतात, दुसऱ्यानं 6. मग उजवीकडची उभी रेघ एका ओळीत आत जाते, दुसरीत बाहेर येते, आणि धुरा (बांध) सरकवलेल्या शेतासारखा तक्ता दिसतो. खूण ओळीच्या शेवटी, चौकटीबाहेर लिहा, म्हणजे घरं कमी-जास्त झाली तरी कुणाची हद्द हलत नाही.

आणि तुम्ही पाठवलेल्या पानाच्या तळाशी ‘शेवटचे अद्यावत’ असं छापलं आहे. शब्द ‘अद्ययावत’ आहे, अद्य अधिक यावत्, आजपर्यंतचं. एक य राहिला.