सायकलफेरीपूर्वी पुरेसे खाता ना?

वाचकांच्या या वेळच्या पत्रांमध्ये हौसेने सायकल चालवणाऱ्यांची पत्रे बरीच आहेत. शर्यतीसाठी नव्हे, तर आनंदासाठी आणि आरोग्यासाठी सायकल चालवणारी ही मंडळी सायकलच्या देखभालीबद्दल जितकी जागरूक असतात, तितकी स्वतःच्या न्याहारीबद्दल नसतात, असे ही पत्रे वाचताना जाणवले. म्हणून हा अंक याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे असून मी दर रविवारी मैत्रिणींबरोबर साधारण ५० किलोमीटर सायकल चालवते. पहाटे काही खावेसे वाटत नाही, त्यामुळे केवळ कपभर कॉफी घेऊन निघते. पहिला दीड तास छान जातो. त्यानंतर मात्र पायांतले त्राण एकाएकी जाते, घाम फुटतो, हात थरथरू लागतात आणि मैत्रिणींचे साधे बोलणेही सहन होत नाही. मागच्या फेरीत ब्रेकवर बोटे नीट आवळता येईनात, तेव्हा मी उतरून रस्त्याच्या कडेला बसले. रक्ताच्या आणि हृदयाच्या तपासण्या व्यवस्थित आल्या आहेत. माझा दमच कमी पडतो आहे का? सराव वाढवावा का?

उत्तर : तुम्ही केलेल्या वर्णनात दम कमी पडल्याचे एकही लक्षण मला दिसत नाही. दम कमी पडणाऱ्या माणसाला चढावर धाप लागते आणि वेग कमी केला की बरे वाटते. तुमच्या बाबतीत दीड तास सर्व सुरळीत चालते आणि मग थरथर, घाम, चिडचिड आणि बोटांतला अशक्तपणा हे सारे एकदम येते. रक्तातील साखर खाली गेल्याची ही खूण आहे. सायकलस्वार या अवस्थेला ‘बाँक’ म्हणतात.

शरीर कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी ठेवते. स्नायूंमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम. यांपैकी स्नायूंमधला साठा ज्या त्या स्नायूलाच वापरता येतो, कारण ग्लायकोजेनपासून सुटी साखर तयार करून ती रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूंमध्ये नसते. रक्तातील साखर टिकवण्याचे काम मुख्यतः यकृताला करावे लागते आणि त्या साखरेवर मेंदू अवलंबून असतो. तुम्ही झोपलेल्या असतानाही मेंदूचे काम चालूच असते, त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर आठ-दहा तासांनी, म्हणजे नेमक्या तुम्ही सायकलवर बसता त्या वेळी, यकृतातील साठा बराच कमी झालेला असतो. त्यात मध्यम वेगाने सायकल चालवताना ताशी ४०० ते ५०० किलोकॅलरी सहज खर्च होतात आणि त्यांतला मोठा वाटा कर्बोदकांचा असतो. पहिला दीड तास छान जातो, कारण तोवर साठा पुरतो. कॉफीने तरतरी येते, पण तिच्यात ऊर्जा जवळजवळ नसते, हे विसरता कामा नये.

ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९२४ साली बॉस्टन मॅरेथॉन संपल्यावर काही धावपटूंचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा ज्यांची अवस्था सर्वांत वाईट होती त्यांच्या रक्तातील साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना शर्यतीआधी कर्बोदकांनी समृद्ध आहार आणि शर्यतीत गोड पदार्थ दिले गेले आणि त्यांची अवस्था स्पष्टपणे सुधारली.

आता प्रमाणाविषयी. एका तासापेक्षा अधिक चालणाऱ्या व्यायामाआधीच्या एक ते चार तासांत शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी शिफारस क्रीडा-आहारशास्त्रात सर्वमान्य आहे. वेळ जितकी कमी, तितके प्रमाण कमी ठेवायचे. तुमचे वजन ६० किलो धरले, तर एक तास आधी साधारण ६० ग्रॅम आणि दोन तास आधी खाणार असाल तर १२० ग्रॅमपर्यंत. हे आकडे ताटात कसे दिसतात ते पाहू. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, ब्रेडच्या एका कापात १२ ते १५ ग्रॅम आणि मोठा चमचाभर मधात सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे एक केळे, ब्रेडचे दोन काप आणि त्यांवर थोडा मध एवढे खाल्ले की तासाभरापूर्वीचा हिशेब पूर्ण होतो. ‘मी निघताना अर्धे केळे खाल्ले होते’ असे मला अनेक जण सांगतात, तेव्हा त्यांनी काही खाल्ले होते हे खरे असते, पण ते बारा-तेरा ग्रॅमच असते.

पहाटे भूक लागत नाही ही तुमची अडचण खरी आहे. चावून खाणे नको वाटत असेल तर दूध आणि केळे घुसळून प्या किंवा पेलाभर फळांचा रस घ्या. तेही पूर्ण जात नसेल तर जमेल तेवढे घ्या आणि उरलेले सायकलवर घ्या. निघाल्यापासून वीस मिनिटांच्या आत पहिला घास खावा, भूक लागण्याची वाट पाहू नये. दोन-अडीच तासांच्या फेरीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. भूक नसण्याची सवय काही आठवड्यांत बदलते. पहिल्या रविवारी चार घोट, पुढच्या रविवारी अर्धा पेला, असे वाढवत जा.

पुन्हा कधी तसा त्रास सुरू झाला, तर रेटून पुढे जाऊ नका. थांबा, साखर असलेले पेय किंवा गोड पदार्थ घ्या आणि थरथर पूर्ण थांबेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे बसा. ब्रेक आवळता येत नसताना उतारावरून सायकल नेणे धोक्याचे आहे. पुरेसे खाऊनही हाच त्रास होत राहिला, किंवा छातीत दुखणे, शुद्ध हरपणे असे काही झाले, तर मात्र डॉक्टरांना पुन्हा भेटा.

प्रश्न : लांब फेरीच्या आदल्या रात्री जेवण दुप्पट करावे, असे आमच्या गटातील ज्येष्ठ सायकलस्वार सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर : आदल्या रात्रीचे जेवण महत्त्वाचे आहे, ते दुप्पट करण्याची मात्र गरज नाही. १९६६ साली स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या संशोधकांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. दोघांनी एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकी एकाच पायाने पेडल मारले. तो पाय पूर्ण थकला, दुसरा विश्रांतीत राहिला. त्यानंतर त्यांनी कर्बोदकांनी भरलेला आहार घेतला आणि तीन दिवस दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले. थकलेल्या पायातील ग्लायकोजेन विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाले होते. आहार एकच, शरीरही एकच, तरी साठा वाढला तो श्रम केलेल्या स्नायूतच.

यावरून समजते ते असे की, साठा एका जेवणाने हवा तेवढा फुगवता येत नाही. तो आधी रिकामा व्हावा लागतो आणि मग एक-दोन दिवसांत भरतो. दोन-तीन तासांच्या हौशी फेरीसाठी नेहमीच्याच जेवणात भात, बटाटा, पाव यांपैकी काहीतरी भरपूर असावे आणि जेवण टाळलेले नसावे, एवढे पुरे. शनिवारी दिवसभर धावपळीत नीट न जेवता रात्री सॅलड खाऊन झोपलेल्या माणसाला रविवारी सकाळच्या केळ्याने फारसा आधार मिळत नाही. रात्री अवाजवी जेवले तर झोप बिघडते आणि सकाळी पोट जड राहते, तो तोटा वेगळाच.

प्रश्न : मी वजन कमी करण्यासाठी सायकल सुरू केली आहे. रिकाम्या पोटी सायकल चालवली तर चरबी अधिक जळते, असे वाचले आणि म्हणून तीन तासांच्या फेरीलाही काही न खाताच जातो. यात चूक काय?

उत्तर : वाचलेले अर्धे खरे आहे. रिकाम्या पोटी व्यायाम करताना त्या वेळेपुरता चरबीचा वाटा वाढतो. पण वजन ठरते ते दिवसभराच्या आणि आठवड्याच्या हिशेबावर, आणि एकूण कॅलरी सारख्याच ठेवल्या तर रिकाम्या पोटी केलेल्या व्यायामाने चरबी अधिक घटते असे दिसत नाही. उलट पोटात काही नसेल तर वेग मंदावतो, चढ टाळले जातात आणि तीन तासांचे श्रम दोन तासांच्या मोलाचे होतात. घरी आल्यावर सुटणारी भूक उरलीसुरली बचतही खाऊन टाकते.

तासाभराची सावकाश फेरी असेल आणि तुम्ही निरोगी असाल, तर काही न खाता जायला हरकत नाही. तीन तासांची फेरी उपाशीपोटी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन घटवण्यासाठी लागणारी काटछाट सायकल नसलेल्या दिवशी किंवा रात्रीच्या अनावश्यक खाण्यात करा, श्रमाच्या तोंडावर नको. भरपूर व्यायाम आणि अपुरा आहार ही जोडी दीर्घकाळ राहिली तर स्त्रियांची पाळी अनियमित होणे, हाडे कमकुवत होणे, वारंवार आजारी पडणे असे परिणाम होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेचे वर्णन खेळाडूंमधील सापेक्ष ऊर्जाकमतरता असे केले. ती व्यावसायिक खेळाडूंपुरतीच मर्यादित नाही. नव्या उत्साहाने सायकल आणि आहारनियंत्रण एकाच महिन्यात सुरू करणाऱ्यांनी तर विशेष जपावे.

प्रश्न : तुम्ही खा म्हणता, पण मी खाऊन निघालो की पोटात ढवळते. मागे तीन अंडी, लोणी लावलेला ब्रेड, चीज आणि वाटीभर सुकामेवा खाऊन अर्ध्या तासात निघालो आणि पहिल्याच चढावर उलटी झाली.

उत्तर : तुमचे खाणे वाईट नव्हते, त्याची वेळ चुकली. स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि तंतुमय पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात. तुमच्या त्या न्याहारीत नेमके हेच तिन्ही भरपूर होते आणि चटकन वापरता येणारी कर्बोदके त्या मानाने कमी. चढावर स्नायूंना रक्त अधिक लागते, त्यामुळे पचनसंस्थेकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो. शिवाय हँडलवर वाकून बसल्याने पोटावर दाब येतो. अशी न्याहारी करायची असेल तर तीन तास हाती हवेत. तास-दीड तासच असेल तर मऊ भात, साधा ब्रेड, केळे किंवा उकडलेला बटाटा असे हलके खावे आणि लोणी, चीज व सुकामेवा परतल्यावरसाठी ठेवावा. पहिली पंधरा मिनिटे संथ चालवावीत.

प्रश्न : निघण्याच्या अर्धा तास आधी गोड खाल्ले तर साखर उलट खाली जाते, हे खरे का?

उत्तर : काही जणांच्या बाबतीत खरे आहे. गोड खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते आणि त्याच वेळी स्नायूही साखर ओढू लागतात, त्यामुळे सुरुवातीला रक्तातील साखर थोडी घसरते. बहुतेकांना हे जाणवतही नाही आणि थोड्या वेळात ती पूर्ववत होते. ज्यांना गरगरते त्यांनी एकतर दीड तास आधी खावे, नाहीतर अगदी निघताना.

प्रश्न : माझ्या पतींना टाइप २ मधुमेह असून ते सकाळी गोळ्या घेऊन माझ्याबरोबर दोन तास सायकल चालवतात. साखर वाढेल या भीतीने ते आधी काहीच खात नाहीत.

उत्तर : येथे पहिला प्रश्न ते कोणती गोळी घेतात हा आहे आणि त्याचे उत्तर त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यायला हवे. केवळ मेटफॉर्मिन चालू असेल तर व्यायामात साखर धोकादायकरीत्या उतरण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया गटातील गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ते घेऊन उपाशीपोटी दोन तास सायकल चालवणे धोक्याचे आहे. त्या दिवशीची मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांना येत्या फेरीआधीच विचारा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

अशी औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी. ती ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. वाटेत थरथर, घाम किंवा गोंधळलेपणा जाणवला, किंवा साखर ७० च्या खाली आढळली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा घ्यावे. ग्लुकोजची पुडी त्यांच्या खिशात असावी, तुमच्या पिशवीत नको, कारण रस्त्यावर तुमच्यात अंतर पडू शकते. लांब फेरीनंतर त्या रात्रीही साखर उतरू शकते, याची जाणीव दोघांनाही असू द्या.

प्रश्न : फेरीत मला काहीच त्रास होत नाही, पण घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत खातच राहते. मन आवरत नाही, काय करावे?

उत्तर : यात मनाला दोष देऊ नका. सकाळी आणि सायकलवर जे खायचे राहिले, तेच शरीर दिवसभर मागत राहते. पुढच्या फेरीला आधीची न्याहारी नीट करा, प्रत्येक तासाला काहीतरी खा आणि परतल्यावर तासाभरात कर्बोदके व प्रथिने दोन्ही असलेले पूर्ण जेवण घ्या. अंडी आणि भात, किंवा दूध, ओट्स आणि फळे असे काहीही चालेल. आंघोळ, कपडे, सायकल पुसणे यांत दोन तास घालवून मग खायला बसू नका. असे चार-पाच रविवार करून पाहा आणि संध्याकाळच्या खाण्यात काय फरक पडला, ते आम्हाला अवश्य कळवा.