तफावत सत्तावीसशेची

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री दोनदा वाचला. सोलापूरहून मुंबईत आलास, बीकेसीत नोकरी लागली, घरच्यांनी पेढे वाटले, आणि बसवलं कुठे, तर ऑपरेशन्सला, म्हणजे झालेल्या सौद्यांचे हिशेब बघणाऱ्या बॅक ऑफिसात. काचेपलीकडे सौदे करणारी डीलिंग रूममधली मुलं चार-चार स्क्रीन लावून बसतात आणि तू दिवसभर एक्सेलमध्ये रेको, म्हणजे दोन बाजूंच्या नोंदी, जुळवतोस. सोबत रुजू झालेला मित्र जेवताना तुला 'मुनीमजी' म्हणतो, हे तुला फारच लागलंय. अरे, ज्या गावात पेढ्या चालल्या तिथे शेठ कोण हे सगळ्यांना ठाऊक असायचं, पण शेठ झोपायचा तो मुनीमजीच्या भरवशावर.

माझी गोष्ट सांगते. घरात कुणाला फारशी सांगितलेली नाही.

१९८५ साली मी फोर्टातल्या एका शाखेत सेव्हिंग्जच्या खिडकीमागे होते. संगणक नव्हता. जाडजूड लेजरं, पितळी टोकनं, आणि महिन्याअखेरीला बॅलन्सिंग. प्रत्येक खात्याची शिल्लक कागदावर उतरवायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या, म्हणजे शाखेच्या मुख्य वहीच्या, आकड्याशी जुळली पाहिजे. त्या महिन्यात माझ्या लेजरात २,७०० रुपयांचा फरक आला. दोन संध्याकाळी शोधला, सापडेना. तिसऱ्या दिवशी मला सहा चाळीसची डोंबिवली गाठायची होती. मी बॅलन्सिंग बुकात 'तफावत रु. २,७००' असं लिहिलं, खाली सही केली आणि निघाले. पुढच्या महिन्यात तोच आकडा पुढे ओढला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. आकड्याची इतकी सवय झाली की तो चुकीचा आहे हेच विसरायला झालं.

मग एक दिवस एक गिरणी कामगार खिडकीशी आले. संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नव्हती. हिशेबाचे ८,५२० रुपये चेकने आले होते, ते त्यांनी आमच्याकडे भरले होते. मुलीच्या लग्नासाठी काढायला आले तर लेजरात तेवढी शिल्लकच नाही. माणूस ओरडला नाही. पासबुक दोन्ही हातांत धरून नुसता उभा राहिला, जणू चूक त्याचीच.

आमचे हेड क्लार्क उठून आले. माझं बॅलन्सिंग बुक उघडलं, तफावतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "नवानं भाग जातो का?" मी मनात भागले. तीनशे. "मग आकडे उलटे पडलेत. ८,५२० चे ५,८२० कुठे झालेत ते बघ." पाच मिनिटांत सापडलं. पोस्टिंग माझ्याच अक्षरात होतं. पैसे त्यांना त्याच दिवशी मिळाले, पण तीन महिने त्या माणसाचे सत्तावीसशे रुपये माझ्या सहीखाली हरवलेले होते.

नवाची ही युक्ती आजही चालते, तुझ्या एक्सेलमध्येसुद्धा. फरक नवानं भागला गेला तर आधी उलटे पडलेले आकडे शोध. दोननं भागून येणारी रक्कम यादीत दिसली तर नावेची नोंद जमेला गेली असेल. संगणक आल्यावर हे सगळं संपेल असं आम्हाला वाटायचं. संपलं नाही. फक्त चूक आता लाखो नोंदींत एका झटक्यात होते.

आता तुझ्या काचेपलीकडच्या मुलांबद्दल. त्यांचं काम खोटं नाही, अवघडही आहे. पण सौदा करायला एक क्षण लागतो, आणि तो मिटवायचा, म्हणजे पैसे आणि माल देऊन-घेऊन पुरा करायचा, दिवस ठरलेला असतो. हे शहर त्या दिवसानं दोनदा तरी हादरलंय. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि वायद्यांवर वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, झाले. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला ते वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पैसे कुणाकडेच नव्हते. शेअर तारण ठेवून कर्जं वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली. राजाबाई टॉवरला आईचं नाव देणारे प्रेमचंद रायचंदही त्यात होरपळले.

१९९२ चा रोखे घोटाळा तर मी जवळून पाहिला. सरकारी रोख्यांचे, म्हणजे सरकारच्या कर्जाच्या कागदांचे, व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या वहीत हातानं नोंदवले जात, वेळ लागे. म्हणून बँका एकमेकींना बँकर्स रिसीट द्यायच्या. रोखे नंतर देतो, तोवर हा कागद ठेवा. सोय म्हणून आलेली पद्धत रिवाज झाली. मग काही कागदांच्या मागे रोखेच नव्हते. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या जानकीरामन समितीनं पुढे हे सगळं उकरून काढलं. माझ्या मते त्यात लबाडी जेवढी होती, तेवढीच 'सगळेच असं करतात' म्हणून मारलेली सही होती. समोरच्या बँकेला एक फोन करून 'रोखे आहेत का?' एवढं विचारणं हे बॅक ऑफिसचं काम होतं.

म्हणून एक कर. एक सौदा निवड, एकच, आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढ. डीलरनं बटण दाबल्यापासून कन्फर्मेशन, म्हणजे दोन्ही बाजूंचा सौद्याचा दुजोरा, कुणी जुळवलं, बाजाराचे सौदे मिटवणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशननं देणं-घेणं वजा करून किती उरवलं, पैसे कुठल्या खात्यातून गेले, शेअर डिमॅटला, म्हणजे संगणकातल्या शेअरखात्यात, कधी पडले. आमच्या वेळी शेअर सर्टिफिकेटवरची सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून गठ्ठाच परत यायचा. डिमॅट १९९६ मध्ये आलं, आणि २०२३ च्या जानेवारीपासून शेअरांचे सौदे साधारणपणे कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी मिटतात. म्हणजे चूक शोधायला तुला एक रात्र मिळते. हा माग ज्याला पाठ आहे, त्याला डीलिंग रूममध्ये कुणी उल्लू बनवू शकत नाही. पुढे तिकडे जायचं असेल तर जरूर जा, पण हे शिकून जा.

पासवर्ड कुणाला देऊ नकोस, साहेब घाईत असले तरी. मेकर (नोंद करणारा) एक, चेकर (ती तपासून मंजूर करणारा) दुसरा, हा नियम मैत्रीपेक्षा मोठा.

आणि तो मित्र ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत, आठवड्याला किती कमावतो ते सांगतो ना? शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये हिशेब मांडला होता: तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ तोट्यात. उरलेल्या सातांत तो असेलही. त्याची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालानं दिलेली सौद्यांची पावती, मागून बघ, विषय आपोआप बदलेल.

कुर्ल्याहून शेअर रिक्षेच्या रांगेत अर्धा तास जातो म्हणतोस. लवकर निघत जा, दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

या रविवारी जेवायला डोंबिवलीला ये. येण्याआधी एवढंच विचारून ठेव: तुमच्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, सगळ्यात जुनी नोंद किती दिवसांची आहे, आणि तिच्याखाली सही कुणाची?

तुझी,
मावशी