लॅपटॉप सुरू होताना नेमका कुठे अडतो?

प्रश्न : माझा लॅपटॉप सुमारे नऊ वर्षांचा आहे. सकाळी पॉवर बटण दाबले की दिवा लागतो, पंख्याचा आवाजही येतो, पण स्क्रीन काळीच राहते. बटण दाबून धरून तो बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा, असे तीन-चार वेळा केल्यावर अचानक कंपनीचे चिन्ह दिसते आणि मग दिवसभर काहीही अडचण येत नाही. मात्र घड्याळात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसते आणि ती दुरुस्त करेपर्यंत बहुतेक संकेतस्थळे उघडताना जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना येते. एका दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आहे. खरेच तसे असेल का?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून तरी मदरबोर्ड बदलण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. चौथ्या प्रयत्नात सुरू होऊन दिवसभर बिनतक्रार चालणाऱ्या यंत्राचा मदरबोर्ड सहसा शाबूत असतो, आणि निदान न करता सांगितलेली सर्वांत महागडी दुरुस्ती मान्य करण्याची घाई आपण करू नये.

लॅपटॉप सुरू होत नाही असे म्हणताना तो कुठवर येऊन थांबतो, हे आधी पाहिले पाहिजे. बटण दाबल्यावर प्रथम विद्युतपुरवठा ठीक आहे की नाही हे तपासले जाते. मग मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला बायोस किंवा त्याची नवी आवृत्ती असलेला यूईएफआय हा प्रोग्रॅम प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची चाचणी घेतो. ती पार पडली की स्क्रीनवर कंपनीचे चिन्ह उमटते, आणि त्यानंतरच डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्स वाचले जाऊ लागते. आपला लॅपटॉप कंपनीच्या चिन्हापर्यंतही पोहोचत नाही, याचा अर्थ विंडोजची पाळीच अजून आलेली नसते. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा. दोष जागच्या जागी राहील आणि डिस्कवरील माहिती मात्र जाईल.

तारखेचे कोडे तुलनेने सोपे आहे. लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालू राहावे आणि बायोसमधील नोंदी टिकाव्यात यासाठी मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक लहान सेल असतो. तो बहुधा सीआर २०३२ या प्रकारचा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा आणि ३ व्होल्टचा असतो. लॅपटॉपमध्ये तो पुष्कळदा प्लॅस्टिकच्या वेष्टनात असतो आणि दोन बारीक तारांनी मदरबोर्डला जोडलेला असतो. वर्षानुवर्षे वापरल्यावर तो संपतो, घड्याळ कारखान्यातील मूळ तारखेवर जाते, आणि संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत त्या जुन्या तारखेशी जुळत नसल्यामुळे ब्राउझर आपल्याला अडवतो. सेल बदलणे हे किरकोळ काम आहे. काही मॉडेलमध्ये असा वेगळा सेल नसतो आणि घड्याळ मुख्य बॅटरीवरच चालते. तेथे मुख्य बॅटरी तपासावी लागते.

सेल संपला की तारखेबरोबर बायोसमधील इतर नोंदीही मूळ स्थितीला जाऊ शकतात, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. विंडोज ज्या बूट (म्हणजे सुरू होण्याच्या) पद्धतीने किंवा डिस्कच्या ज्या मोडमध्ये बसवले होते तो मोड बदलला, तर पूर्णपणे निरोगी डिस्क असूनही बूट करण्यायोग्य डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो किंवा निळी स्क्रीन दिसते. असे संदेश पाहून चांगल्या डिस्क फेकून दिल्या जातात. म्हणून सेल बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख, बूट पद्धत आणि डिस्कचा मोड पाहून घ्यावा, आणि सर्व काही सुरळीत चालू असताना त्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. या नोंदींना हात लावण्याआधी मात्र डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधील माहिती सुरक्षित करण्याच्या सोयीने, कुलूपबंद आहे का, हे अवश्य तपासावे. असेल तर बदलानंतर लॅपटॉप ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकतो. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. किल्ली हाताशी नसताना हे काम सुरू करू नये, कारण तिच्यावाचून ती माहिती परत मिळवण्याचा मार्ग नाही.

आता काळ्या स्क्रीनकडे वळू. पुढच्या वेळी स्क्रीन काळी राहिली की लगेच बटण दाबून धरू नका. थोडे थांबून कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा आतून सुरू झालेले आहे आणि दोष केवळ दिसण्याचा आहे. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर तिरकस टॉर्च धरून पाहा. अक्षरे पुसटशी दिसली तर मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे. एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडल्यावर त्यावर चित्र आले, तर स्क्रीन किंवा बिजागरीतून जाणारी तिची केबल संशयित ठरते. झाकण उघडण्याचा कोन बदलल्यावर चित्र येत-जात असेल, तर केबलचा दोष जवळजवळ निश्चित समजावा.

कॅप्स लॉकचा दिवा प्रतिसाद देत नसेल आणि बाहेरच्या मॉनिटरवरही काही येत नसेल, तर यंत्र चाचणीच्याच टप्प्यात अडकलेले असते. काही कंपन्यांचे लॅपटॉप अशा वेळी बीप वाजवून किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवून बिघाडाचा सांकेतिक क्रमांक सांगतात. ते शांतपणे मोजून आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ पाहावा. हा संकेत प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचा तक्ता लावू नये.

यानंतरची पायरी म्हणजे साचलेली वीज काढून टाकणे. अडॅप्टर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरा. लॅपटॉपमध्ये पुरवठा, पंखा आणि कीबोर्ड सांभाळणारी एक स्वतंत्र लहान चिप असते. बॅटरी जोडलेली असेपर्यंत तिला वीज मिळतच राहते, त्यामुळे ती एकदा गोंधळलेल्या अवस्थेत अडकली तर नेहमीच्या बंद-चालूने भानावर येत नाही. बॅटरी आत बंदिस्त असेल, तर काही मॉडेलमध्ये तळाला सुईएवढ्या छिद्रात रीसेटचे बटण असते. इतरांत मागचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवावी लागते.

आपल्या बाबतीत माझा सर्वाधिक संशय रॅमच्या संपर्कबिंदूंवर आहे. थंड यंत्र सुरू न होणे आणि दोन-चार प्रयत्नांनी थोडी ऊब आल्यावर सुरू होणे, हे सैल किंवा मळलेल्या संपर्काचे ओळखीचे लक्षण आहे. अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही सोडवल्यानंतर एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी, रॅमच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेरच्या दिशेने हलकेच ढकलाव्यात, आणि पट्टी तिरकी वर उचलली गेली की तिच्या कडा धरून ती ओढून काढावी. तिच्या तळाशी सोनेरी दातांची ओळ दिसेल. तिला बोट न लावता ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. पट्टी परत बसवताना ती तिरकी धरून पूर्ण आत सरकवावी, म्हणजे सोनेरी भाग जवळजवळ दिसेनासा होतो, आणि मग खाली दाबावी; दोन्ही चिमट्या एकदम ‘टक्’ करून लागल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक पट्टी, एकेका खाचेत लावून पाहिल्यास पट्टी सदोष की खाच, हेही कळते.

एवढे करूनही सकाळचा त्रास राहिला, तर अडॅप्टर बदलून पाहावा. जुना अडॅप्टर दिवा लावण्याइतकी वीज देतो, पण सुरुवातीला एकदम लागणारा जादा प्रवाह देताना ढेपाळतो. दुसरा अडॅप्टर घेताना व्होल्टेज मूळच्याइतकेच, म्हणजे १९.५ असेल तर तेवढेच, आणि अँपिअर मूळच्याइतके किंवा जास्त असावेत. मदरबोर्डवरील जुने झालेले कपॅसिटर किंवा तडकलेले झाळकाम यांचा विचार या सर्व तपासण्या झाल्यावरच करावा.

प्रश्न : कंपनीचे चिन्ह येते, विंडोजचे ठिपके गोल फिरू लागतात आणि अर्धा-अर्धा तास फिरतच राहतात. कधी दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. आतून अधूनमधून टकटक असा आवाज येतो. कुटुंबाची सगळी छायाचित्रे त्यात आहेत आणि त्यांची दुसरी प्रत नाही. चेक डिस्क चालवावे, असे एकाने सुचवले आहे. चालवू का?

उत्तर : कृपया चालवू नका, आणि हे उत्तर वाचल्यावर लॅपटॉप बंद ठेवा. टकटक करणाऱ्या हार्ड डिस्कमधील वाचनाचे शीर्ष आपली जागा शोधत पुन्हा पुन्हा मागे जात असते, आणि ती चालू राहण्याच्या प्रत्येक मिनिटागणिक चकतीवरील आणखी भाग खराब होण्याचा धोका असतो. चेक डिस्क हे साधन फाइलींची रचना दुरुस्त करण्यासाठी आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ते पूर्ण पृष्ठभाग तासन्‌तास वाचायला लावते आणि दुरुस्तीच्या नावाखाली फाइलींचे तुकडे हलवते वा काढून टाकते. विंडोज लागोपाठ काही वेळा सुरू होऊ शकले नाही की स्वतःहून दुरुस्तीच्या स्क्रीनवर जाते, तिथले पर्यायही आत्ता वापरू नयेत. आधी माहिती बाहेर काढायची, दुरुस्ती नंतर, हा क्रम कोणत्याही कारणाने उलटा होऊ देऊ नका.

आवाज सतत येत असेल आणि छायाचित्रे अमूल्य असतील, तर डिस्क थेट माहिती पुनर्प्राप्तीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी. आवाज क्वचितच येत असेल, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह (म्हणजे डिस्कवर न बसवता थेट चालणारा) पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून लॅपटॉप सुरू करता येतो. तसे केल्यास विंडोज सुरू होण्याची गरजच उरत नाही. जुनी डिस्क केवळ वाचली जाते. सर्वप्रथम छायाचित्रांचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावे, बाकीचे नंतर. एखाद्या फाइलवर नक्कल अडकली तर तिच्याशी झुंजत न बसता पुढे जावे. हाताने हे जमत नसेल तर डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आधी सुस्थितीतला भाग उचलतो आणि खराब भागाकडे शेवटी परततो, आणि अशा डिस्कसाठी नेमकी हीच पद्धत हवी असते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय कोणी सांगितला तर ऐकू नये. बाहेर काढताच आत दव धरते आणि उरलीसुरली आशाही संपते.

माहिती सुरक्षित झाली की डिस्कचा निरोप घ्यावा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या स्मार्ट अहवालात ‘रिअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या खराब झालेल्या व संशयित भागांच्या नोंदी शून्याहून वर जाऊन वाढत असतील, तर अशी डिस्क फॉरमॅट करून पुन्हा वापरणे म्हणजे तोच प्रसंग पुढे ढकलणे आहे.

प्रश्न : लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डगमगतो, टचपॅड वर उचलला गेला आहे आणि चार्जिंगला लावल्यावरच तो सुरू होतो. हे वयोमानानुसार आहे का?

उत्तर : वयोमानानुसार असले तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाही. आतील लिथियम बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवा, लॅपटॉप बंद करा, फुगवटा दाबून झाकण बसवण्याचा किंवा टोचून वायू सोडण्याचा प्रयत्न अजिबात करू नका. तशा बॅटरीला आग लागू शकते. ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावी. लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता सर्वसाधारणपणे ३०० ते ५०० चार्ज-चक्रांनंतर लक्षणीय घटते, तेव्हा नवी बॅटरी हा अपेक्षित खर्च आहे. दुरुस्त करणाऱ्यास टचपॅड आणि त्याची केबल दबली आहे का, हेही पाहण्यास सांगावे.

प्रश्न : दहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवण्यात अर्थ आहे, की नवाच घ्यावा?

उत्तर : लॅपटॉप विद्युतपुरवठा आणि चाचणी हे दोन्ही टप्पे नियमितपणे पार करत असेल, स्क्रीन आणि बिजागऱ्या ठीक असतील आणि रॅम निदान ८ जीबी असेल किंवा तितकी वाढवता येत असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, अवश्य बसवावी. सुरू होण्यातील दिरंगाई बहुतांशी फिरत्या डिस्कमुळे असते, आणि ती गेल्यावर त्याच यंत्रावर लिहिणे, हिशेब ठेवणे, व्हिडिओ पाहणे ही कामे पुन्हा निभावतात. मात्र विंडोज १० चा नियमित सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे एवढ्या जुन्या यंत्रावर ती अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणे मला अधिक योग्य वाटते. निदान बँकेचे व्यवहार पाठिंबा संपलेल्या प्रणालीवर करू नयेत. एसएसडी २.५ इंची, साटा जोडणीच्या प्रकारची घेतलीत, तर पुढे लॅपटॉप निकालात काढल्यावरही ती यूएसबी केसमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येईल.