डेटाबेस बदलला तरी बिलाचा हिशेब बदलू नये

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादर कारखान्यांना मी बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करून देतो. व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-भाषेतील जुना प्रोग्रॅम आता नव्याने लिहायचा आहे. पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून सॉफ्टवेअर बाहेरच्या तंत्रज्ञानापासून पूर्णपणे अलिप्त ठेवता येते का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पूर्णपणे नाही, ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहाल तीही बाहेरचीच असते. फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही हे मायक्रोसॉफ्टने 2007 मध्येच सांगितले होते. परंतु अशा जुन्या प्रोग्रॅममध्ये सूट, मजुरी आणि कराचा हिशेब बहुधा ‘सेव्ह’ बटणामागे, थेट डेटाबेसमधील टेबलांच्या नावांसह लिहिलेला असतो आणि तो वेगळा काढता येत नाही, ही खरी अडचण असते.

हा हिशेब वेगळा ठेवण्याची मांडणी सॉफ्टवेअरतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कोबर्न यांनी 2005 मध्ये ‘पोर्ट्स अँड अडॅप्टर्स’ या नावाने लिहिली. ‘पोर्ट’ म्हणजे हिशेबाच्या गाभ्याने ठरवलेली जोडणीची जागा आणि ‘अडॅप्टर’ म्हणजे त्या जागी बाहेरचे तंत्रज्ञान जोडणारा कोडचा भाग. ई-इनव्हॉइसचेच, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घेण्याचेच पाहा. त्यासाठीची उलाढालीची मर्यादा 2020 मध्ये 500 कोटी रुपये होती, ती टप्प्याटप्प्याने उतरून 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली आणि मूळ प्रोग्रॅम लिहिताना नसलेले पोर्टल अनेक मध्यम कारखान्यांच्या बिलाला जोडावे लागले. अशा वेळी बिलाच्या गाभ्याने ‘या बिलाची नोंदणी करून क्रमांक आणा’ एवढाच इंटरफेस, म्हणजे पोर्ट, स्वतःच्या शब्दांत ठरवावा. पोर्टलला लागणाऱ्या जेसन नमुन्यातील फाइल, लॉगिन, नेट गेल्यास पुन्हा पाठवणे, हे सारे अडॅप्टरने सांभाळावे. अडॅप्टरला गाभा माहीत असावा, गाभ्याला अडॅप्टर नव्हे. पोर्टलच्या रकान्यांची नावे गाभ्यात शिरली, तर नमुना बदलताच सूट काढणारे कोडही उघडावे लागते.

हे साधले की नाही, ते पाहण्यासाठी डेटाबेस आणि नेट दोन्ही बंद ठेवून दहा डझन टॉवेलांचे बिल चाचणीत काढून पाहावे. डेटाबेस बदलण्याची वेळ क्वचितच येते, अशा चाचण्या मात्र रोज चालवता येतात. माझ्या मते मोठा फायदा तोच.

सगळीकडे भिंती घालण्याचा सोस मात्र नको. येणेबाकीचे आणि साठ्याचे अहवाल थेट एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेत) लिहावेत, तारखांसाठी भाषेसोबत तयार मिळणारी स्टँडर्ड लायब्ररी सरळ वापरावी. फॉक्सप्रोचा डेटा असलेल्या जुन्या डीबीएफ फाइली वाचणारा भागही एक अडॅप्टर म्हणूनच लिहा, आणि जुना प्रोग्रॅम बंद करण्यापूर्वी गेल्या वर्षाची बिले नव्या गाभ्यातून काढून पैशापर्यंत ताळा जुळवून घ्या.