एकशेवीस नोंदी, पण दहाच ठिकाणे

प्रश्न : एम. एस्‌सी.च्या प्रबंधासाठी मी मांडवी नदीवर पणजीपासून गांजेपर्यंत दहा ठिकाणी वर्षभर दर महिन्याला पाण्याची क्षारता आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, असे आम्ही शिकलो आहोत. पण सर्व १२० नोंदी एकत्र घेतल्या तर सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात हे उणे १ ते अधिक १ मध्ये सांगणारी संख्या) धन येतो. या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसल्याने हा गुणांक ग्राह्य धरता येणार नाही, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. मग विश्लेषण कसे करावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे. एकाच जागी पुनःपुन्हा घेतलेल्या नोंदी एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे १२० जोड्यांमधली माहिती १२० स्वतंत्र जोड्यांइतकी नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या एका गुणांकात दोन वेगळे प्रश्न मिसळले गेले आहेत.

समजा, आतल्या एका ठिकाणी क्षारता २, ४, ६ असताना ऑक्सिजन ६.०, ५.८, ५.६ आहे आणि मुखाजवळ क्षारता २०, २५, ३० असताना तो ६.९, ६.६, ६.३ आहे. दोन्ही ठिकाणी क्षारता वाढली की ऑक्सिजन घटतो, म्हणजे प्रत्येक जागेपुरता गुणांक उणे १ आहे. तरीही सहाही जोड्या एकत्र केल्या की तो अधिक ०.७२ येतो, कारण आतल्या जागेचे पाणी मुळातच ऑक्सिजनने कमी आहे. सांडपाणी किंवा संथ प्रवाह अशी त्याची कारणे क्षारतेबाहेरची असू शकतात.

‘एकाच जागी क्षारता बदलली की ऑक्सिजन बदलतो का?’ या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सोप्या रीतीने मांडले आहे. प्रत्येक नोंदीतून त्या जागेची सरासरी वजा करून उरलेल्या फरकांचा सहसंबंध काढावा. गुणांक बरोबर येतो, पण पी-मूल्यासाठी (नाते नसतानाही योगायोगाने इतका मोठा गुणांक येण्याची शक्यता) सॉफ्टवेअर ११८ डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे माहितीचे स्वतंत्र तुकडे, धरते; दहा सरासऱ्या वजा केल्यामुळे खरी संख्या १०९ (१२० − १० − १) आहे. जागा हा घटक घालून सहप्रसरण-विश्लेषण म्हणजेच अ‍ॅनकोव्हा केल्यास हा हिशेब आपोआप होतो.

‘जास्त क्षारतेच्या जागी ऑक्सिजन जास्त असतो का?’ या दुसऱ्या प्रश्नासाठी दहा जागांच्या सरासऱ्याच घ्याव्यात. मग जोड्या दहाच उरतात आणि ५ टक्के पातळीवर (पी-मूल्य ०.०५) गुणांक ०.६३ च्या वर गेल्याशिवाय त्याला अर्थ देता येत नाही. १२० जोड्या स्वतंत्र मानल्या तर हीच मर्यादा ०.१८ पर्यंत खाली येते. केवळ ही तफावत पाहिली तरी नोंदी एकत्र करण्याचा मोह आवरायला हवा.

काळाचा प्रश्न तरीही उरतोच. जून ते सप्टेंबर पावसाच्या पाण्याने मांडवीची क्षारता झपाट्याने खाली येते आणि त्याच काळात तापमान, गढूळपणा, प्रवाह हे सारेच बदलते. दोन चलांना (बदलणाऱ्या राशींना) एकाच ऋतूने किंवा काळाच्या ओघाने हलवले की त्यांच्यात थेट नाते नसतानाही सहसंबंध दिसतो. संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९२६ मध्ये याचे धक्कादायक उदाहरण दिले होते : १८६६ ते १९११ या काळातील इंग्लंड-वेल्समधील मृत्युदर आणि एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झालेल्या विवाहांचे प्रमाण यांचा गुणांक ०.९५ निघाला. म्हणून जागेच्या सरासरीबरोबर महिन्याचीही सरासरी काढून टाकून पाहावे, आणि ऋतू वगळल्यावर नाते टिकते की नाही हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून लिहावे. मात्र तेव्हा डिग्रीज ऑफ फ्रीडम ९८ च राहतात.

गणिताआधी दहा जागांचे बिंदू दहा रंगांत एकाच आलेखावर काढा. प्रत्येक जागेच्या बिंदूंतून जाणाऱ्या रेषांचे उतार एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतील, तर सर्वांसाठी एकच गुणांक देणे मला योग्य वाटत नाही. शिवाय खाडीत एकाच दिवसात भरती-ओहोटीनेही क्षारता बदलते. नमुना घेतल्याची वेळ आपल्या वहीत असेल, तर मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून प्रत्येक नोंदीपुढे भरतीची स्थिती भरून तोही एक चल म्हणून विश्लेषणात घ्यावा.