पुराचं बिल कुणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न, सांगलीहून उत्तरं

प्रश्न : गणपती पेठेत माझा भुसार मालाचा व्यवसाय आहे. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला दुकानात पाणी शिरलं. आता रोज पेपरात येतं, कार्बन कमी करायला देशाला लाखो कोटी लागणार. धूर काढला अमेरिका-युरोपनं आणि पैसे आपण घालायचे? बरं, घातले तरी माझ्या दुकानात पाणी यायचं थांबणार आहे का?
– एक व्यापारी, सांगली

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, थांबणार नाही. तुम्ही गच्चीवर सोलर बसवलंत म्हणून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी बोटभरही उतरणार नाही. सगळ्या महाराष्ट्रानं उद्या कोळसा जाळणं बंद केलं तरी पुढच्या चार-दोन पावसाळ्यांत फरक दिसायचा नाही. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शेकडो वर्षं तिथंच राहतो. भाषणं ठोकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी आधीच सांगून टाकतो.

तेव्हा दोन खर्च वेगवेगळ्या पानांवर मांडा. एक धूर कमी करण्याचा. त्याचा फायदा अख्ख्या जगात वाटला जातो, आपल्या पदरात त्यातला कणभर येतो. दुसरा, जे येणारच आहे त्याला तोंड देण्याचा. त्यातला रुपया जिथं घातला तिथंच उपयोगी पडतो.

पहिल्या पानावर तुमची तक्रार रास्त आहे. माणशी हिशेब केला तर आपण वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस १४ टनांच्या आसपास. म्हणूनच २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायला भारतानं २०७० ची मुदत सांगितली, बहुतेक श्रीमंत देशांची २०५० ची. पण 'लाखो कोटी' या आकड्याला फार घाबरू नका. देशाला वीज वाढती लागणारच आहे, केंद्रं उभारावी लागणारच आहेत. गोदामाचा पत्रा बदलायचाच असेल, तर भारी पत्रा घेतल्यावर जास्तीचा खर्च म्हणजे दोन पत्र्यांतला फरक, अख्खा पत्रा नव्हे. आणि इथं तो फरकही आटत चाललाय. २०१० च्या सुमारास सौर विजेचे लिलाव युनिटला दहा-बारा रुपयांनी जात होते, आता अडीच रुपयांच्या आसपास जातात. नव्या कोळसा केंद्राची वीज त्याहून महाग पडते. रात्रीचं मात्र वेगळं आहे. बॅटरीचा खर्च धरला की गणित पुन्हा चढतं, आणि सोलरवाले नेमकं तेवढंच बोलायचं विसरतात.

आता दुसरं पान, म्हणजे तुमचं दुकान. मी एका सहकारी बँकेत कर्ज खात्यात होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर कॅश क्रेडिटच्या, म्हणजे मालाच्या तारणावर उचल देणाऱ्या खात्यांचा स्टॉक बघायला पेठेत गेलो होतो. गुळाच्या ढेपा विरघळून फरशीवर काळा चिकट थर बसलेला. हरभऱ्याच्या पोत्यांना मोड आलेले, शिवणीतून बाहेर डोकावणारे. हळदीचं पिवळं पाणी भिंतीवर कंबरेएवढं चढून वाळलेलं. आणि माझ्या हातात जुलैअखेरचं स्टॉक स्टेटमेंट, त्यात सगळा माल जागच्या जागी!

बँकेचा नियम असा की उचल मालावर. माल गेला की उचलीची मर्यादाही गेली. म्हणजे व्यापाऱ्याला पैशाची सगळ्यात जास्त निकड असते, त्याच आठवड्यात त्याचं खातं आवळलं जातं. पंचनाम्यात पोती मोजली गेली. उधारीची वही भिजून जी येणी बुडाली ती कुणी मोजली नाहीत. हमालांचे बुडालेले रोज नाहीत, आणि जतकडचं जे गिऱ्हाईक दुसऱ्या गावच्या पेठेत गेलं ते परत आलं नाही, तेही नाही. गंमत अशी की पुरानंतर गिलावा, रंग, नवे फ्रीज, नवी कपाटं यांवर जो खर्च झाला तो देशाच्या उत्पन्नात जमेच्या बाजूला धरला जातो. बुडालेला माल त्या आकड्यातून वजा होत नाही. काही न करणं फुकट आहे असं वाटतं ते अशा हिशेबामुळं.

तो पूर सगळा हवामानबदलाचाच होता असं मी म्हणणार नाही. धरणांचे विसर्ग होते, नाल्यांवरची बांधकामं होती. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं मी इथं काढत नाही, काढलं तर संपादकांना पुरवणी छापावी लागेल. पण हवा एक अंशानं तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि पाऊस पडतो तेव्हा ते एकदम ओतते. भर पडते ती अशी.

मग स्वस्तातला उपाय कुठला? माझ्या मते निळ्या पूररेषेच्या आत नवं बांधकाम होऊ न देणं. ही रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शासनाला याला जवळजवळ खर्च नाही. खर्च आहे तो तिथं प्लॉट पाडून बसलेल्यांना, आणि ते लोक गप्प बसणारे नाहीत. फायदा होणारे हजारो, पण विखुरलेले. तोटा होणारे मोजके, पण नगरसेवकाच्या ओळखीचे. म्हणून स्वस्त उपाय कागदावर राहतो आणि महागडी भिंत मंजूर होते. तुमच्यापुरतं सांगायचं तर पोटमाळा पक्का करा, वही मोबाइलमध्ये घ्या आणि विम्याच्या पॉलिसीत पुराचं कलम आहे की नाही ते आजच वाचा. अनेकांच्या पॉलिसीत फक्त आग आणि चोरी असते.

प्रश्न : मी कऱ्हाडला अर्थशास्त्रात एम.ए. करते. हवामानबदल रोखायला अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न म्हणतात ताबडतोब मोठा खर्च करा, दुसरे अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस म्हणतात हळूहळू वाढवा. दोघेही मोठे. मग इतका फरक कशानं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : व्याजाच्या दरानं, ताई, म्हणजे पुढचा रुपया आजच्या हिशेबात किती घटवून धरायचा त्या दरानं. बाकी मतभेद आहेत, पण मुख्य हाच.

स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी २००६ मध्ये अहवाल दिला. आत्ता जगाच्या उत्पन्नाचा सुमारे १ टक्का दरवर्षी घाला, नाहीतर नुकसान कायमचं किमान ५ टक्के आणि वाईटात वाईट धरलं तर २० टक्क्यांपर्यंत, असं त्यांचं म्हणणं. नॉर्डहाउस यांना याच विषयातल्या कामासाठी २०१८ चं नोबेल मिळालं. आता तुम्ही स्वतः कॅल्क्युलेटर घ्या. पन्नास वर्षांनी होणारं एक कोटीचं नुकसान टाळायला आज किती रुपये घालणं परवडेल? स्टर्न यांच्यासारखा १.४ टक्का दर धरला तर जवळपास ५० लाख. साडेचार टक्के धरला तर ११ लाख. आमच्या बँकेच्या कर्जासारखा १० टक्के धरला तर जेमतेम ८५ हजार! नुकसान तेच, वर्षं तीच. नॉर्डहाउस दर बाजाराच्या जवळ ठेवतात. स्टर्न म्हणतात, नातवाचा जन्म उशिरा झाला म्हणून त्याचं दुःख कमी किमतीचं कसं? माझा कौल स्टर्न यांच्याकडे झुकतो, पण तो नीतीचा कौल आहे, गणिताचा नव्हे, हे परीक्षेत स्पष्ट लिहा.

याची दुसरी बाजू पुस्तकांत कमी भेटते. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो, पुढं इंधनाला पैसा लागत नाही. त्यामुळे त्याची वीज किती स्वस्त पडेल हे ऊन ठरवतं त्याहून जास्त कर्जाचा दर ठरवतो. जर्मनीत ऊन कमी, पण कर्ज स्वस्त. आपल्याकडे ऊन भरपूर आणि कर्ज महाग. परिषदांमध्ये गरीब देश स्वस्त कर्ज मागतात ते यासाठी. प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या.

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. साडेसात अश्वशक्तीचा पंप, वीजबिल माफ. मग सौरचा माझ्याशी संबंध काय? अवकाळीनं डावणी येते, द्राक्षावरचा बुरशीचा रोग, त्याचं बोला.
– एक बागायतदार

उत्तर : डावणीचंच आधी बोलू. फळछाटणीनंतर पाऊस लागला की फवारणी वाढते, औषधाचा आणि डिझेलचा खर्च वाढतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जे झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. प्लास्टिकचं आच्छादन घालायचं तर एकरी काही लाख. हा सगळा हवामानाचाच खर्च, फक्त तो तुम्ही खतं-औषधांच्या दुकानात चुकता करता, म्हणून त्याला कुणी कर म्हणत नाही. आच्छादन एकदम सगळ्या बागेला घालू नका. लवकर छाटणीचा, निर्यातीचा जो प्लॉट आहे त्यावर आधी घाला. बेदाण्याच्या बागेला ते परवडेल असं मला वाटत नाही.

विजेचं म्हणाल तर तुमच्या खिशाला आज सौर पंपाचा फायदा शून्य. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना मुख्यतः जोडणी नसलेल्यांसाठी आहे. पण माफ झालेलं बिल शासन भरतं, आणि ती सवलत २०२४ च्या एप्रिलपासून पाच वर्षांची आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याच्या वीजबिलातही ८१ टक्के शासन आणि १९ टक्के आपण, हे तुम्हाला पाठ असेल. एवढी वीज कोळशाची घेऊन फुकट वाटत राहणं कुठल्याच तिजोरीला झेपणारं नाही, म्हणून शेतीचे फीडर, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या वाहिन्या, दिवसा सौर विजेवर घेण्याची धडपड चाललीय. तुमचा फायदा त्यात एवढाच की रात्री दोनला मोटर चालू करायला, साप-विंचू बघत बांधावरनं जावं लागणार नाही.

आणखी एक. उपकेंद्राजवळ तुमचा पडीक माळ असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तो सौर प्रकल्पाला भाड्यानं दिला की हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. चांगली जमीन देऊ नका, बागेची तर मुळीच नाही. मुरमाड माळ असेल तर जरूर विचार करा, मात्र सही करण्याआधी भाडेकराराची मुदत संपल्यावर जमीन कुठल्या अवस्थेत परत मिळणार हे कलम वकिलाकडून वाचून घ्या.